शेवटचं झाड आणि पेरू देशाची जहाजं

पर्यावरण दिन आला की एक फॉरवर्ड न चुकता येतो. पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटावरच्या लोकांनी दगडी पुतळे ओढायला जंगल तोडलं, शेवटचं झाडही ठेवलं नाही. मग उपासमार, यादवी, आणि १७२२ मध्ये डच पोहोचले तेव्हा प्रचंड वस्तीतले मूठभर उरलेले. खाली हात जोडलेले इमोजी. यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा आला, म्हणून लिहायला बसलो.

आधी त्यातलं खरं ते मान्य करतो. बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. चिलीपासून साडेतीन हजार किलोमीटर दूर, आकाराने मुंबई महापालिकेच्या हद्दीच्या निम्म्याहूनही लहान. तिथे ताडाच्या जातीच्या झाडांचं जंगल होतं आणि ते गेलं, यात वाद नाही.

पण ते गेलं कसं? साधारण १२०० च्या सुमारास पॅसिफिकमधल्या इतर बेटांवरचे पॉलिनेशियन लोक होड्यांतून आले, शेतीसाठी त्यांनी जंगल तोडलं, जाळलं. त्याच होड्यांतून उंदीरही उतरले. त्या झाडांची जुनी फळं सापडली आहेत: कठीण कवच, त्याला दातांनी कुरतडून पाडलेलं भोक, आतला गर गायब. बीच खाल्लं गेलं तर नवं झाड येणार कुठून? उंदीर किती आणि कुऱ्हाड किती, यावर अभ्यासकांचं भांडण चालू आहे. फॉरवर्डमध्ये उंदराचा पत्ताच नाही.

'पुतळे ओढायला' हा भाग तर फारच घाईचा. घर बदलताना लोखंडी कपाट आपण उचलत नाही. एका कोपऱ्यावर तोलून, मग दुसऱ्या, असं 'चालवत' नेतो. वाटेत पडून राहिलेले मोआई, म्हणजे हेच दगडी पुतळे, पाहिले तर त्यांचा तळ रुंद आणि कड गोलसर, शरीर पुढे झुकलेलं. २०१२ मध्ये सव्वाचार टनांहून जड प्रतिकृती १८ माणसांनी तीन दोरांनी अशीच झुलवत चालवून दाखवली. खाली ओंडके नव्हते. सगळे मोआई असेच गेले, असं यातून सिद्ध होत नाही. पण बेटावरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की मोआई चालत गेले, आणि ऐकणारे हसत होते.

प्रचंड वस्ती? दगड पसरून ओल धरणारी इथली शेतं २०२४ मध्ये उपग्रहचित्रांवरून मोजली, तर ती एक चौरस किलोमीटरसुद्धा भरली नाहीत. तेवढ्यात तीनेक हजार माणसं जगतील. त्याच वर्षी १५ जुन्या रहिवाशांचा डीएनए तपासला गेला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याची खूण त्यात नाही. आणि ज्या डचांचा दाखला देतात त्यांच्या सफरीच्या प्रमुखाच्या, रॉगेव्हीनच्या, लोकांनी उतरताच गोळीबार करून दहा-बारा बेटवासी मारले. त्यानंतर बेटवाल्यांनी त्यांना कोंबड्या आणि केळी आणून दिली. उपाशी बेटाकडे हे कुठून आलं?

यादवीचा पुरावा म्हणून काळ्या काचेसारख्या दगडाची 'भाल्याची पाती' दाखवतात. ती इतकी वेड्यावाकड्या आकारांची आहेत की भोसकायला बिनकामाची. खरवडायला, कापायला ठीक. पुतळे पाडले गेले हे खरं, पण पडलेले पुतळे प्रथम नोंदवले ते १७७४ मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या सफरीने, म्हणजे युरोपियन येऊन गेल्यावर.

खरी पडझड १८६२ ची, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच गाळलेली असते. पेरू देशातून गुलाम पकडणारी जहाजं आली आणि सुमारे दीड हजार माणसं घेऊन गेली. पुढे ओरड झाल्यावर काहींना परत पाठवलं. जिवंत पोहोचले जेमतेम १५, आणि त्यांच्यासोबत देवीचा रोग. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. १८८८ मध्ये चिलीने बेट घेतलं, पुढे जवळपास सगळं मेंढपाळीच्या कंपनीकडे गेलं आणि मूळ रहिवासी हांगा रोआ या एका गावात कोंडले गेले. चिलीचं पूर्ण नागरिकत्व त्यांना मिळालं १९६६ मध्ये.

रोंगोरोंगो नावाची त्यांची लिपी लाकडी फळ्यांवर कोरलेली आहे. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम दोन डझन नमुने उरलेत. ती वाचू शकणारे त्या जहाजांतून आणि देवीच्या साथीत गेले; आज त्यातली एक ओळही कुणाला वाचता येत नाही.