गोंड्याला शिवणे म्हणजे औषध सोडणे नव्हे

सदरला राहणाऱ्या माझ्या मावशीला व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश नागपुरातील प्रार्थनागटांतून अजूनही फिरतो आहे. येशूच्या वस्त्राच्या गोंड्यातच रोग बरे करण्याची शक्ती होती, म्हणून निळा दोरा घातलेल्या वीतभर गोंड्यांचे कापड आजाऱ्याच्या अंगावर ठेवावे आणि औषधे थांबवावीत, असे त्यात म्हटले आहे. इन्सुलिन बंद करू का, असे मावशीने विचारले, तेव्हा गप्प राहणे अशक्य झाले.

संदेशाचा सारा भर बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवून बऱ्या झालेल्या स्त्रीवर आहे. तिने अनेक वैद्यांपायी सर्वस्व खर्चले तरी गुण आला नाही, असे बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात आहे खरे. पण त्यावरून वैद्यांना निरुपयोगी ठरवणाऱ्याने मत्तयाचा नववा अध्याय सलग वाचलेला नाही. तिथे ही स्त्री विसाव्या वचनात येते, आणि बाराव्या वचनात येशू सांगतो की वैद्याची गरज निरोग्यांना नव्हे, दुखणाइतांना असते. ते वचन पापी जनांविषयी आहे हे मान्य, परंतु वैद्यच व्यर्थ असता तर तो दाखला उभाच राहिला नसता. शिवाय येशू त्या स्त्रीला जे बरे करणारे म्हणून दाखवतो तो तिचा विश्वास आहे, गोंडा नव्हे. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने ते एकाएकी सोडले तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकते, आणि असा सल्ला पुढे ढकलणारा त्या जबाबदारीतून सुटत नाही.

गोंड्याला शिवलेले सर्व जण बरे झाले, असे मत्तयाचा चौदावा अध्याय सांगतो, हे मला नाकारता येत नाही. मात्र ते येशूच्या अंगावरचे वस्त्र होते, कोणी शिवून वाटलेले कापड नव्हे.

गोंडे मुळात कशासाठी, हे बायबलच्या जुन्या करारातील गणना 15:38-40 मध्ये स्पष्ट आहे: इस्राएल लोकांनी वस्त्राच्या टोकांना गोंडे लावावेत, त्यांवर निळा दोरा घालावा आणि ते पाहून परमेश्वराच्या आज्ञा आठवून पाळाव्यात. आरोग्याचा तिथे उल्लेखही नाही.

निळ्या दोऱ्यावाचून प्रार्थना पोहोचत नाही, हा संदेशातला दावाही टिकत नाही. निळा दोरा नसला तरी पांढरे गोंडे चालतात, असे मिश्ना, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांचा प्राचीन संग्रहच सांगतो. तो रंग काढण्याची विद्या लुप्त झाल्यावर ज्यू लोकांनी शतकानुशतके पांढऱ्या गोंड्यांनीच प्रार्थना केली. प्रत्येक गोंड्यात 613 गाठी असतात, हे त्यातले म्हणणेही चूक आहे. गाठी पाच आणि दोरे आठ असतात; गोंड्याच्या ‘त्सित्सित’ या हिब्रू नावाच्या अक्षरांचे मूल्य 600 धरून त्यात हे पाच आणि आठ मिळवले की 613 ही बेरीज होते, आणि मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञांची परंपरागत संख्या तेवढीच आहे.

उरले वीतभर लांबीचे. दिखाव्यासाठी गोंडे मोठे करणाऱ्यांना येशूनेच मत्तय 23:5 मध्ये दोष दिला आहे.