रुंदी जुळली म्हणजे ॲक्सल जुळला?

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींत एक सल्ला फार फिरतोय. विंटेज गाडीचा मागचा ॲक्सल (मागची दोन चाकं फिरवणारा आडवा आस) कमजोर असतोच, तो काढून टाका. साधारण तेवढ्याच रुंदीचा नव्या गाडीचा ॲक्सल भंगारातून आणा, पाट्यांच्या (गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगपट्ट्यांच्या) बैठका वेल्ड करा, यू-बोल्ट आवळा. हायवेवर इंजिन शांत चालेल, मागे डिस्क ब्रेक फुकटात मिळतील आणि मन बदललं तर जुना ॲक्सल परत चढवता येईल. सगळं काम दोन सुट्ट्यांचं!

असे ॲक्सल बदलले जातात आणि नीट चालतातही, ते मला मान्य आहे. पण या सल्ल्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा अर्धाच सांगितलेला आहे.

पहिला मुद्दा रुंदीचा. कुठून कुठपर्यंतची रुंदी? चाक जिथे टेकतं त्या फ्लँजपासून पलीकडच्या फ्लँजपर्यंतचं माप घ्यावं लागतं, आणि तेही एकटं पुरत नाही. नव्या गाड्यांच्या रिमची बैठक बरीच बाहेरच्या अंगाला असते, म्हणून त्यांचा ॲक्सल रुंद असतो. त्याच ॲक्सलवर जुनी रिम चढवली की टायर मडगार्डला घासतो. मग पाट्यांमधलं अंतर, स्टडचं वर्तुळ (चाकाचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात ते), पिनियन (शाफ्टची ताकद ॲक्सलमध्ये आणणारा छोटा गिअर) मधोमध आहे की एका बाजूला, हे सगळं आलंच. हौशी मंडळींचा लाडका ॲक्सल म्हणजे १९९५ ते २००१ च्या फोर्ड एक्स्प्लोररचा ८.८ इंची (हे माप आतल्या मोठ्या गिअरचं). त्याचे ५ स्टड ११४.३ मिमीच्या वर्तुळावर आहेत. १९४० ते १९४८ च्या फोर्डचे ५ स्टड १३९.७ मिमीवर, म्हणजे जुनी रिम त्यावर चढतच नाही. शिवाय एक्स्प्लोररच्या या ॲक्सलची एक नळी (आतल्या शाफ्टचं कवच) दुसरीपेक्षा लांब आहे. म्हणून लोक लांब नळी कापतात आणि दोन्हीकडे आखूड शाफ्ट घालतात. कापलेली नळी परत सरळ रेषेत जोडायला जिग (भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) लागतो. डोळ्यांच्या अंदाजाने जोडली तर बेअरिंग आणि ऑइल सील पुन्हा पुन्हा बदलत बसावं लागतं.

यापेक्षा मोठी गोष्ट सल्ल्यात आलेलीच नाही, ती म्हणजे टॉर्क ट्यूब. १९४८ पर्यंतच्या फोर्ड, १९५४ पर्यंतच्या शेव्हरोले, १९६० पर्यंतच्या ब्यूक या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा दांडा) एका बंद नळीत फिरतो. चाकं गाडीला पुढे ढकलतात तो जोर त्या नळीतून पुढे गिअरबॉक्सपर्यंत जातो, पाट्यांनी तो घ्यायचा अशी रचनाच नाही. अशा गाडीत उघड्या शाफ्टचा नवा ॲक्सल घालायचा तर तो जोर झेलायला लांब पाटे किंवा दांडे बसवावे लागतात आणि गिअरबॉक्सचं मागचं तोंडही बदलावं लागतं. एवढ्याने काम दोन सुट्ट्यांतून कधीच बाहेर गेलेलं असतं.

टॉर्क ट्यूब नसलेल्या, उघड्या शाफ्टच्या गाडीतही पिनियनचा कोन सुटत नाही. साध्या दोन क्रॉसच्या (वळणाऱ्या सांध्यांच्या) शाफ्टमध्ये गिअरबॉक्सची रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात. नसल्या तर ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. बैठका वेल्ड करताना गाडीचा भार चाकांवर असावा लागतो. मी एकदा शासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवून, पाटे लोंबत असताना बैठका पक्क्या वेल्ड केल्या आणि गाडी खाली उतरवल्यावर पिनियन भलतीकडे पाहत होता. ग्राइंडर घेऊन सगळं परत कापलं. तेव्हापासून आधी फक्त टॅक (छोटे, तात्पुरते वेल्ड) मारतो.

दुसरा मुद्दा, इंजिन शांत चालेल. चालेल, पण शांतता फुकट मिळत नाही. टायरचा घेर २.१ मीटर धरला तर ताशी ८० किमीला चाक मिनिटाला सुमारे ६३५ फेरे घेतं. ४.५५ च्या क्राऊन-पिनियनवर (ॲक्सलमधली गिअरची जोडी; चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.५५ फेरे), टॉप गिअरला, इंजिनाचे सुमारे २,८९० फेरे होतात आणि ३.५५ वर २,२५०. ऐकायला छानच. पण चाकाशी पोचणारी ताकदही त्याच हिशोबाने २२ टक्क्यांनी कमी होते. फोर्ड मॉडेल ए चं इंजिन ४० अश्वशक्तीचं, तेही २,२०० फेऱ्यांना. अशा इंजिनाला चढावर टॉप गिअर झेपेनासा होतो, तुम्ही खालचा गिअर टाकता आणि शांतता संपते. स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालत असेल तर तो काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ७७ ला असेल. फेरेच कमी करायचे असतील तर ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा जादा गिअर), किंवा मिळत असेल तर त्याच हौसिंगमध्ये दुसऱ्या प्रमाणाचा क्राऊन-पिनियन, हे मला जास्त पटतं.



तिसरा मुद्दा फुकटच्या डिस्कचा, आणि इथे मी खरंच चिडतो. ब्रेक मारल्यावर भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. पुढे जुने ड्रम आणि मागे जोरकस डिस्क असली तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गिरकी घेते. ड्रमसाठीच्या बहुतेक मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा सिलिंडर) एक व्हॉल्व्ह असतो, तो लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवतो, साधारण १० पीएसआय. ड्रमला तो हवा असतो. डिस्कच्या कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीला) पॅड मागे ओढणारी स्प्रिंग नसते, त्यामुळे तेवढ्या दाबावर पॅड घासत राहतात आणि डिस्क तापते. म्हणजे मास्टर सिलिंडर बदला, मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावा, हँडब्रेकच्या केबल नव्याने करा. आणि सुधारणा पुढच्या ब्रेकपासून सुरू करा.

जुना ॲक्सल कमजोर असतो, हे काही गाड्यांत खरं आहे. निमुळत्या टोकाच्या, चावीवर (खाचेत बसणाऱ्या छोट्या लोखंडी तुकड्यावर) हब बसवलेल्या शाफ्टचा नट ढिला राहिला तर तो चावीच्या खाचेपाशी तुटतो. पण नवं म्हणजे निर्धोक असंही नाही. त्याच एक्स्प्लोररच्या ॲक्सलमध्ये शाफ्ट आतून सी-क्लिपने (C आकाराच्या कडीने) अडकवलेले आहेत. शाफ्ट तुटला तर त्याला धरून ठेवणारं बाहेर काही नाही, शाफ्टसकट चाक निघून येऊ शकतं.

राहिला परत चढवण्याचा मुद्दा. मूळ पाटे, टॉर्क ट्यूब, गिअरबॉक्सचं मागचं तोंड, हँडब्रेकच्या केबल, जुन्या रिमा, हे सगळं जपून ठेवलं असेल आणि शासीला कटर लागला नसेल तर येईल परत चढवता. मी पाहिलेल्या बदललेल्या गाड्यांपैकी बहुतेकांच्या मालकांकडे फक्त ॲक्सल होता, तोही भिंतीला टेकवून ठेवलेला, आत पाणी शिरलेला.