एन्केफॅलिन एकच, मग दोन जागी दोन परिणाम कसे?

मॅडम, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की एन्केफॅलिन, म्हणजे मेंदू स्वतःच बनवतो ते मॉर्फिनसारखं रसायन, जर सगळीकडे पेशीतलं अ‍ॅडेनिलिल सायक्लेज हे एन्झाईम बंदच करत असेल तर ते लोकस सेरुलियस या ब्रेनस्टेममधल्या छोट्या केंद्रात पेशी शांत करतं आणि व्हीटीए या मध्यमेंदूतल्या भागात मात्र डोपामिन वाढवतं, हे मी एकाच दमात कसं लिहिलं.

'बंद करतं' हे चुकलंच माझं. एन्केफॅलिन पेशीवरच्या ज्या म्यू रिसेप्टरला चिकटतं, त्याला जोडलेलं जीआय प्रोटीन त्या एन्झाईमला ब्रेक लावतं, त्यातून बनणारं सायक्लिक एएमपी हे पेशीतलं निरोप्या रसायन कमी बनतं, त्यावर चालणारं प्रोटीन कायनेज ए थंडावतं, पण ठप्प काही होत नाही. आणि पेशी लगेच गप्प होते ती मुख्यतः पोटॅशियमची चॅनल उघडल्यामुळे, तेही लिहायला हवं होतं. लेखात दुरुस्त केलंय.

बाकीचं मात्र मागे घेणार नाही. व्हीटीएमध्ये एन्केफॅलिन गप्प करतं ते मुख्यतः गाबा हे दाबणारं रसायन सोडणाऱ्या पेशींना, आणि त्याच तर डोपामिनवाल्यांना दाबून धरतात, मग दाबणारीच गप्प झाली की दुसरी सुटणारच ना! काम दोन्हीकडे तेच, समोर कोण बसलंय एवढाच फरक.

लोकस सेरुलियसबद्दल मी इतकं का लिहिते तेही सांगते. अ‍ॅनाटॉमीच्या हॉलमध्ये ब्रेनस्टेमच्या कापावर तो निळसर ठिपका पहिल्यांदा पाहिला, पुसट शाईच्या डागाएवढा, आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन हे सावध ठेवणारं रसायन तिथून अख्ख्या मेंदूला जातं हे खरंच वाटेना. एन्केफॅलिन झटकन तुटतं, मॉर्फिन त्याच रिसेप्टरवर तासन् तास काम करत राहतं, म्हणून रोज मॉर्फिन मिळालं की पेशी ब्रेकवर मात करायला एन्झाईमच वाढवून ठेवते. १९७५ मध्ये, म्हणजे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन शोधलं त्याच वर्षी, शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी हे डिशमधल्या पेशींत दाखवलं, पुढे उंदरांच्या लोकस सेरुलियसमध्येही तेच दिसलं. आता मॉर्फिन अचानक थांबवा, ब्रेक गेला पण वाढलेलं एन्झाईम तिथेच, सायक्लिक एएमपी उसळतं, लोकस सेरुलियसच्या पेशी भडकतात आणि पेशंटला घाम, धडधड, जिवाची नुसती तगमग. अशा माणसाला 'नाटकं करतोय' म्हणतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. क्लोनिडिन हे बीपीचं औषध तेव्हा देतात ते याचसाठी, रिसेप्टर वेगळा, अल्फा-२, पण पेशी त्याच आणि ब्रेकही तोच जीआयचा.

हिप्पोकॅम्पसचं, म्हणजे आठवणींशी संबंधित भागाचं विचारलंत, तिथेही व्हीटीएसारखंच, गाबाच्या इंटरन्यूरॉन, म्हणजे शेजारच्यांना दाबणाऱ्या पेशी, गप्प होतात आणि तिथल्या मुख्य, पिरॅमिडल पेशी जास्त फायर करतात.