‘यवन’ म्हणजे मुळात कोण?

‘यवन म्हणजे मुसलमान, म्हणून हा शब्द असलेला प्रत्येक ग्रंथ इस्लामनंतरचा’ असा एक संदेश सध्या फिरतोय. तो चूक आहे. आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांना इराणी लोक ‘यौन’ म्हणत. त्याच नावाचं संस्कृतात ‘यवन’ आणि प्राकृतात ‘योन’ झालं. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ‘अंतियोक’ नावाचा योनराजा भेटतो. लांब कशाला, कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब वाचा: धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानाचे लेख तिथे कोरलेत, आणि दात्यांची नावं चक्क भारतीय वळणाची! इस्लामचा उदय सातव्या शतकातला. मुसलमानांना यवन म्हणणं त्यानंतरचं, बखरींमधून आपल्या ओळखीचं झालेलं.