सार्वभौमत्वाला टाळ्या, आणि कलम १७

आज टिळक रोडवरच्या एका व्याख्यानात वक्त्यांनी हेगच्या कोर्टाला, म्हणजे युद्धगुन्हे आणि वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला, सार्वभौमत्वाच्या नावाने झोडपलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट! अहो, ते १९५ जण कुणालाच आठवत नाहीत का?

१९७१ च्या युद्धातले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी आपल्या ताब्यात. त्यातल्या १९५ जणांवर बांगलादेश युद्धगुन्ह्यांचे खटले चालवणार होता. १९७३ मध्ये पाकिस्तान आंतरराष्ट्रीय न्यायालयात (हे वेगळं, देशादेशांतल्या वादांचं) गेला: खटला चालवायचा हक्क आमचाच. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत तीन देशांचा करार झाला, १९५ जण घरी गेले. पाकिस्तानने माणसं परत मिळवली, खटला एकही चालवला नाही. हेच का सार्वभौमत्व?

आणि हेगला घाबरायचं कशाला? हे कोर्ट ज्या रोम करारातून उभं राहिलं, त्याच्या कलम १७ प्रमाणे देश स्वतः प्रामाणिकपणे तपास करत असेल तर तिथे प्रकरण दाखलच करून घेत नाहीत. वॉरंट निघालं तरी कोर्टाकडे स्वतःचा एक हवालदार नाही. सदस्य देशाच्या पोलिसांनी पकडायचं, तिथल्या न्यायाधीशाने माणूस तोच ना, अटक रीतसर ना, हे पाहायचं, मग हस्तांतर. सरकारने डोळेझाक केली की सगळं मुसळ केरात. जून २०१५ मध्ये प्रिटोरियाच्या कोर्टाने देश सोडायला मनाई केली असताना सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर, ज्यांच्यावर हेगचं वॉरंट होतं, दक्षिण आफ्रिकेच्या लष्करी विमानतळावरून निघून गेले. ऑक्टोबरात ते दिल्लीत पाहुणे! आपण सदस्य नाही, म्हणून बंधनही नाही.

बरं, सुरक्षा परिषदेला प्रकरणं पाठवायचा अधिकार देण्यावरचा आपला आक्षेप खरा आहे. सदस्य नसलेल्या बड्यांनी इतरांना कोर्टात पाठवायचं, हे कुणालाही खुपेल. १९९८ ला रोम करारावरच्या मतदानात आपण तटस्थ राहिलो, ठीक.

पण मग घरचा कायदा तरी धड हवा ना? जिनिव्हा करार कायदा, १९६०, म्हणजे युद्धातले जखमी, कैदी, नागरिक यांना संरक्षण देणाऱ्या करारांसाठीचा आपला कायदा. जाणूनबुजून केलेल्या हत्येला फाशी किंवा जन्मठेप, गुन्हा परदेशात घडला असला तरी. वाचून बरं वाटतं. मग येतं त्याचं कलम १७ (हाही सतराच!): सरकारने किंवा सरकारने ठरवलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोर्टाने दखल घ्यायची नाही. ज्याचं घर जळालं त्याने थेट कोर्टात जायचं नाही. वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मान्य केला, पण नव्या भारतीय न्याय संहितेतही त्या गुन्ह्याचं कलम नाही. उद्या त्या १९५ पैकी एखादा मुंबईत उतरला असता, तर सरकारच्या मर्जीशिवाय न्यायाधीशाला काहीच करता आलं नसतं.

आणि कमेंटमध्ये ‘मग अमेरिकेचं काय’ लिहिणाऱ्यांनो, तीही हेगची सदस्य नाही. पण तिचा स्वतःचा युद्धगुन्हे कायदा १९९६ पासून आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर आरोपी परदेशी असला, गुन्हा परदेशात झाला असला, तरी तो अमेरिकेत सापडणं पुरेसं आहे.