मासळीचं म्युझियम? हो, मासळीचंच!

आज जेवायला पाहुणे होते. भाची मुंबईत आर्किटेक्चर शिकते, शेवटच्या वर्षाला तिनं ससून डॉकवर मासेमारीच्या संग्रहालयाचा प्रकल्प घेतलाय. पाहुणे म्हणाले, "मग काय, नाकाला रुमाल लावून बघायचं?" सगळं घर खिदळलं. पोरगी गप्प. माझं डोकंच फिरलं.

अहो, २०२४ ला वाघनखं साताऱ्यात आली तेव्हा हेच पाहुणे पोराबाळांसकट रांगेत होते. मीही होतो, असायलाच हवं. पण महाराजांच्या आरमारावर छाती फुगवून बोलताना, त्या गलबतांवर राबणारे कोळी-भंडारी आपल्याला आठवतात का? वारं, खडक, भरती-ओहोटी त्यांना पाठ होती, म्हणून ते आरमार चाललं!

मागं भाचीबरोबर पहाटे डॉकवर गेलो होतो. १८७५ सालचा धक्का, लिलावाचा नुसता कालवा. एक मावशी ओल्या फरशीवर कोळंबी सोलत होती. अंगठ्याला चिंधी, बोटं बर्फानं पांढरीफटक. डोकं मोडायचं, टरफल ओढायचं, की टोपात. जेवढी सोलली तेवढेच पैसे. मी आपलं विचारलं, "मावशी, किती वर्षं करताय हे?" वर न बघता म्हणाली, "दादा, पाय काढा, माल तुडवताय."

तिच्या त्या चिंधीला कुठल्या कपाटात जागा आहे, सांगा. कोळी पाण्याची ओढ बघून डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं लावतात, उधाण-भांगाचा, म्हणजे मोठ्या-छोट्या भरतीचा हिशोब तिथीवरनं करतात. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत जाळी विणत बसणारे म्हातारे गेले की हे विचारायचं कुणाला? २०२३ ला पापलेट राज्यमासा झाला. माशाला मान मिळाला, धरणाऱ्याचं काय?

बरं, संग्रहालयानं पोट भरत नाही, मान्य. मावशीला आधी बसायला कोरडी जागा हवी, तेही मान्य. पण तलवारीच्या दालनाला कुणी हा प्रश्न विचारत नाही.

जाऊ दे, पाहुण्यांवर तरी किती चिडू. आमच्याकडंही सुकट भाजायची तर आई आधी खिडक्या लावून घ्यायची. वासाची लाज आपल्या घराघरात मुरलीय. त्या मावशीला मात्र लाजायला सवड नव्हती.

पाहुणे गेल्यावर भाचीला म्हटलं, नकाशात दारातलं पहिलं दालन सोलणाऱ्या बायांना दे. होड्या, त्या हाकणारे तांडेल, सगळं मागनं. म्हणाली, "मामा, सर म्हणतात आधी मोठी होडी हवी, लोक तीच बघतात."

सरांना म्हणावं, एकदा पहाटे डॉकवर जाऊन या. आणि पाय जपून टाका.