'हात लावून बघा' सांगणं म्हणजे अडाणीपणा? – एका बाबांच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं पण रागाच्या भरात लिहिलेलं सकाळी आपल्यालाच वाचवत नाही म्हणून एक दिवस थांबले. आज परत वाचली, आणि खरं सांगते, राग तेवढाच आहे, फक्त आता नीट मांडता येईल असं वाटतंय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. थंडीत रात्रभर चुळबुळ करणाऱ्या तान्ह्या बाळांबद्दल मी लिहिलं होतं, की बाळ कुरकुरलं म्हणून लगेच अजून एक पांघरूण घालू नका, आधी हात लावून बघा, मानेमागे, पोटाला, तळपायाला, आणि मग काय ते ठरवा. त्यावर इंग्लंडमध्ये राहणाऱ्या या दादांनी लिहिलंय की खोली 16 ते 20 अंशांवर ठेवायची असते, अडीच टॉगची (टॉग म्हणजे कापड किती ऊब धरतं त्याचं माप) स्लीपिंग बॅग घालायची असते, झोपताना टोपडं नको, बाळ आईच्या अंथरुणात नको, पाय बांधायचे नाहीत, आणि मी एके ठिकाणी सेल्सिअसच्या जागी फॅरेनहाइट लिहिलंय. आणि मग शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं देते: 'थर्मामीटर बघायचा सोडून हात लावून बघा म्हणणं हा निव्वळ अडाणीपणा आहे, आणि असला अडाणीपणा पसरवणाऱ्या शिकलेल्या आया बघितल्या की वाईट वाटतं.'

फॅरेनहाइटचं तुमचं बरोबर आहे. बाळाचं अंग 36.5 ते 37.5 सेल्सिअस हवं, फॅरेनहाइट नाही. टाइप करताना चुकलं, दुरुस्त केलंय, लक्षात आणून दिल्याबद्दल मनापासून आभार.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येते.

अडाणी हा शब्द तुम्ही कुणाला लावताय हे तुमच्या लक्षात आलंय का? कारण हात लावून बघायला मला माझ्या आईने शिकवलं हे त्या पोस्टमध्ये पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं होतं. ती चौथी शिकलेली आहे. म्हणजे तुम्ही 'शिकलेल्या आया' म्हणून मला टोमणा मारलात आणि 'अडाणी' म्हणून तिला. मला काय बोलायचं ते बोला, मी इथे लिहिते म्हणजे ऐकून घ्यायची तयारी आहे, पण जी बाई इथे येऊन तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही तिच्याबद्दल बोलताना जरा भान ठेवायला हवं होतं. तुम्ही हेच 'ताई, हाताबरोबर थर्मामीटरचाही उल्लेख करा' असं लिहिलं असतंत तर मी दोन ओळीत हो म्हणून मोकळी झाले असते.

आमचं माहेर निफाड तालुक्यात. डिसेंबर-जानेवारीत तिथे पारा पाच-सहा अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली जातो, पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवतात, घड वाचवायला. आमचं घर पत्र्याचं, त्या घरात पहाटे चारला 16 ते 20 अंश कुठून आणायचे ते तुम्ही सांगितलं नाहीत. तुमच्याकडे घर गरम ठेवायची सोय भिंतीत असते, इथे पहिल्या बाळंतपणात हीटर आणला होता तर ऐन मध्यरात्री लाइट जायची आणि अर्ध्या तासात खोली होती तशी थंडगार. कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दार बंद करायचं नाही हे मी पोस्टमध्ये ठळक लिहिलंय कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणसं जातात. मग उरतं काय, तर अंगावरचे कपडे, आईच्या अंगाची ऊब, आणि ते पुरतंय की जास्त होतंय हे बघणारा हात.

थोरला झाला तेव्हा मी अगदी तुमच्यासारखीच होते. फोनवर खोलीचं तापमान दाखवणारं ॲप, त्यावर 13 दिसले की माझा जीव वरखाली. थोरला वीस दिवसांचा असताना एका रात्री त्याला बनियन, झबलं, स्वेटर, हातमोजे, पायमोजे, टोपडं, वरून दोन दुपट्यांत गुंडाळलेला आणि त्यावर ते मऊ फ्लीसचं ब्लँकेट. पोर रडायचं थांबेना. दूध घेईना. दीड वाजता थर्मामीटर लावला तर 38.1. माझे हातपाय गळाले, नवऱ्याला फोन लावला, गाडी काढायची भाषा सुरू झाली. आई उठून आली, तिने बाळाच्या मानेमागून स्वेटरच्या आत दोन बोटं घातली आणि म्हणाली, अगं घामानं थबथबलंय पोर, काढ ते सगळं. एकेक काढलं, अंग कोरडं पुसलं, सुती झबलं आणि एक दुपटं एवढंच ठेवलं. पाऊण तासाने 37.2. दूध प्यायला आणि झोपला. तरी सकाळी डॉक्टरांकडे नेलंच, कारण एवढ्या लहान बाळाला 38 च्या वर ताप दिसला की घरी बसून वाट बघायची नसते, पण त्यांनीही तपासून हेच सांगितलं, की तुम्ही त्याला उकडून काढलंत.

आता मला सांगा, त्या रात्री थर्मामीटर माझ्याकडे होता की नव्हता? होता. ॲप होतं. त्या दोन्हींनी मला आकडा दाखवला, पण आकडा का वाढलाय ते चौथी शिकलेल्या बाईच्या दोन बोटांनी सांगितलं. याला तुम्ही अडाणीपणा म्हणताय.

धाकटीच्या वेळी उलटं झालं. ती 2 किलो 100 ग्रॅमची, जानेवारीतली. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पण वॉर्डात एसी चालू होता आणि त्याचा झोत सरळ पाळण्यावर. मी सिस्टरना म्हटलं हिचे पाय बर्फासारखे लागतायत. त्यांनी भिंतीवरचा डिस्प्ले दाखवला, 26 आहे मॅडम, व्यवस्थित आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, तेच उत्तर. खोली 26 असेलही हो, पण त्या झोताखाली माझी पोरगी 26 मध्ये नव्हती! शेवटी मीच उठून पाळणा भिंतीकडे सरकवला, टाके ओढत असताना, आणि तिला उघडी करून छातीशी घेतलं, वरून माझी शाल. तासाभराने तळपाय गुलाबी झाले, ऊबही आली. हे कांगारू पद्धतीचं तर तुम्हाला माहीत असेलच. ती 1978-79 च्या सुमारास कोलंबियात बोगोटाच्या एका सरकारी हॉस्पिटलात सुरू झाली कारण कमी वजनाच्या बाळांसाठी इन्क्युबेटर कमी पडत होते, आणि आज जगभर डॉक्टर ती करायला सांगतात. यंत्र नव्हतं म्हणून आईचं अंग वापरलं, त्याला कुणी अडाणीपणा म्हटलं नाही.

आणि घरी आल्यावर आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आल्या. इथे जरा सविस्तर लिहिते कारण हे सगळ्यांनाच उपयोगी पडेल, दादांना पटो न पटो. हॉस्पिटलात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई सहा वेळा घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांना प्रशिक्षणात शिकवतात की हाताचा मागचा भाग आधी बाळाच्या पोटाला लावायचा, मग तळपायाला. दोन्ही उबदार लागले तर बाळ ठीक. पोट उबदार पण तळपाय गार, तर बाळाला थंडीचा ताण पडतोय, ऊब द्यायला सुरुवात करायची. पोट आणि तळपाय दोन्ही गार, तर अंगाचं तापमान खरंच घसरलंय, बाळाला छातीशी धरूनच दवाखाना गाठायचा. हाताचा मागचा भाग का, तर तळवा काम करून जाड झालेला असतो, मागची कातडी पातळ, तिला फरक लवकर कळतो. हे माझ्या आईचं नाही, सरकारी प्रशिक्षणातलं आहे. त्यांच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर असतो, तोही लावतात, पण रात्री तीन वाजता ती पिशवी तुमच्या उशाशी नसते, हात असतो. थर्मामीटर फेकून द्या असं मी कुठेही लिहिलेलं नाही, परत जाऊन वाचा. हातावर शंका आली तर थर्मामीटर लावा, असंच लिहिलंय.

नवजात बाळ आपल्यासारखं कुडकुडत नाही, हेही लक्षात घ्या. त्याच्या मानेपाशी, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मूत्रपिंडाभोवती एक वेगळी तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब तयार करतं, आणि कमी वजनाच्या बाळाकडे तीच कमी असते. त्यामुळे बाळ थरथरत नाही म्हणजे त्याला थंडी नाही असं नसतं, बघण्यापेक्षा स्पर्शच जास्त सांगतो. आणि उलट बाजूने, बाळ हलतंय, तोंड वेडंवाकडं करतंय, कुंथतंय म्हणजे त्याला थंडीच वाजतेय असंही नसतं. तान्ह्या बाळाची जवळजवळ अर्धी झोप अशीच असते, डोळे मिटलेले आणि हातपाय चाललेले. पहिल्या महिन्यात मी अशी कितीतरी वेळा झोपलेल्या पोराला उचललं आणि खरंच जागं केलं. म्हणून लिहिलं की उचलायच्या आधी, पांघरायच्या आधी, हात लावा, दोन मिनिटं थांबा. त्या अख्ख्या पोस्टमध्ये मुद्दा एवढाच होता.

तुम्ही ज्या देशात राहता तिथली एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, आईबापांना काय सांगते ते तरी बघायचं होतं दादा. बाळाला गरम होतंय का हे छातीला किंवा मानेमागे हात लावून बघा, हातपाय थोडे गार असणं नेहमीचं आहे, असंच सांगतात तिथे. म्हणजे इंग्रजीत सांगितलं की सल्ला आणि माझ्या आईने सांगितलं की अडाणीपणा, असं आहे का? मला हेच सगळ्यात जास्त लागलं.

(मोठ्या बाळाचे नुसते पाय थोडे गार असतील तर घाबरू नका, वरचं तळपायाचं गणित मुख्यतः पहिल्या महिन्यातल्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी. हे मूळ पोस्टमध्ये नीट आलं नव्हतं, ते घालते.)

स्लीपिंग बॅगबद्दल. तुम्ही असं लिहिलंय की जणू ती गोष्ट इथे कुणाला माहीतच नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नव्वदच्या दशकात गावातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, त्यांच्या सामानात बाळासाठी स्लीपिंग बॅग होती, थर्मामीटर होता, वजनकाटा होता. 1999 साली ते काम 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, त्या गावांमध्ये नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले होते. अर्थात एकट्या बॅगेने नाही, जंतुसंसर्गाचे उपचार वगैरे सगळं मिळून. पण ते काम कुणी केलं? त्यातल्या कितीतरी बायका जेमतेम काही इयत्ता शिकलेल्या होत्या. तुम्ही त्यांच्यासमोर उभं राहून हा शब्द वापरला असतात का, मला खरंच विचारायचंय.

बाकी मुद्दे. पाय ताठ बांधू नयेत, खुब्याला त्रास होतो, बाळ कुशीवर वळायला लागलं की बांधणं बंद करावं, पाठीवरच झोपवावं, हे मी लिहिलंय, तुम्ही वाचलं नाहीत. गोधडी मी बाळाच्या खाली घालायला सांगितली होती, वर नाही, तेही तुम्ही वाचलं नाहीत. टोपड्यावर तुम्ही खूप लिहिलंय, ज्यांना काढायचंय त्यांनी झोपताना काढावं, मी त्यावर वाद घालत बसत नाही. आईजवळ झोपवण्याचा विषय मोठा आहे, इथे नको.

तुमच्याकडे रात्री बाळाला कोण उठतं हे मी विचारणार होते. परवाच्या मसुद्यात विचारलंही होतं, मग काढलं, कारण ते मला माहीत नाही आणि तुम्हीही उठत असाल. पण माझ्याबद्दल, माझ्या आईबद्दल असंच काही माहीत नसताना तुम्ही लिहिलंत, एवढं मात्र सांगायलाच हवं.

तुमची प्रतिक्रिया काढत नाहीये, इथेच राहील, लोकांना दोन्ही बाजू वाचू देत. कुणी दादांना उलटसुलट बोलू नका, काल दोघींनी बोललेलं मी काढून टाकलंय. पोस्टमध्ये फॅरेनहाइट बदललंय, तळपायाचं वाक्य घातलंय, आणि थर्मामीटरचं वाक्य खाली होतं ते वर घेतलंय. 'आधी हात लावून बघा' हे वाक्य आहे तिथेच आहे, आईच्या नावासकट.